जुनें रिव्हॉल्व्हर आणि घरची कानस

आपल्या मध्यम स्थितींतील घरांत एखादी वस्तु बिघडली म्हणजे ती लगेच कारागिराकडे जाते असें नाहीं. प्रथम घरांतील एखादे काका तिच्यावर आपला हक्क सांगतात. शिवणाचें यंत्र असो, भिंतीवरचें घड्याळ असो किंवा मुलांची सायकल असो, जुन्या वर्तमानपत्रावर तिचे भाग ओळीनें मांडले जातात, मुलें भोंवतीं कोंडाळें करून बसतात आणि संध्याकाळपर्यंत ती वस्तु एक तर चालूं लागते, नाहीं तर कायमची थांबते. हा छंद मुळींच वाईट नव्हे. त्यामुळें चार पैसे वांचतात, यंत्राविषयींची भीति जाते आणि मुलांना हाताचें काम पाहावयास मिळतें. शिवाय ह्या यंत्रांची शिक्षाहि सौम्य असते. घड्याळ पांच मिनिटें मागें पडतें, शिवण सुटते, सायकलची सांखळी निसटते, आणि दुसऱ्या रविवारीं पुन्हां वर्तमानपत्र अंथरलें जातें.

परंतु एक यंत्र असें आहे कीं ज्याची दुरुस्ती साधली किंवा नाहीं याची परीक्षा दुरुस्ती करणाराच्या स्वतःच्या मुठींत आणि चेहऱ्यापासून हातभर अंतरावर व्हावयाची असते. तें यंत्र म्हणजे रिव्हॉल्व्हर. तें घरच्या घरीं दुरुस्त करूं पाहणाराला कोणत्या अडचणी येतात आणि त्या कां येतात, याचा विचार ह्या लेखांत करावयाचा आहे. हा विषय आपल्या घरचा नव्हे असें कित्येक वाचकांना वाटेल. पण जंगलखात्यांत, पोलिसांत किंवा सैन्यांत नोकरी केलेल्या एखाद्या आजोबांचें शस्त्र कपाटाच्या वरच्या कप्प्यांत फडक्यांत गुंडाळून ठेवलेलें आहे, अशीं घराणीं आपल्याकडे अगदींच थोडीं नाहींत.

हा छंद मूळचा कोठचा?

जुनें रिव्हॉल्व्हर विकत घेऊन तें घरीं दुरुस्त करण्याचा छंद मुख्यतः अमेरिकेंतला. त्या देशाच्या संघराज्याच्या कायद्यानें स्वतःच्या शस्त्राची दुरुस्ती स्वतः करण्यास परवाना लागत नाहीं. दुसऱ्यांच्या शस्त्रांची दुरुस्ती धंदा म्हणून करावयाची तर मात्र तो लागतो. जुनीं शस्त्रें दुकानांतून व लिलावांतून मिळतात, सुटे भागहि विकत मिळतात. तेव्हां स्वस्तांत घेतलेल्या नादुरुस्त शस्त्राचा बिघडलेला भाग काढावा, नवा बसवावा, झालें काम, असें घेणारास वाटणें साहजिक आहे.

ह्या समजुतीला एक मोठा इतिहास आहे. सॅम्युएल कोल्ट यानें आपल्या रिव्हॉल्व्हरचा अमेरिकेंतील पेटंट सन १८३६ मध्यें मिळविला. सन १८५१ मध्यें लंडन येथें भरलेल्या जागतिक प्रदर्शनांत त्याचीं शस्त्रें मांडलेलीं होतीं, आणि सन १८५३ मध्यें त्यानें लंडनमधील पिम्लिको भागांत कारखाना घातला. यंत्रांवर कातलेले एकासारखे एक भाग, हें त्या कारखान्याचें वैशिष्ट्य म्हणून गाजलें. पुढील वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीनें यंत्रांनीं शस्त्रें करण्याविषयीं कोल्टची साक्षहि घेतली. परंतु पुढें संशोधकांनीं जुनीं शस्त्रें उघडून पाहिलीं तेव्हां असें आढळलें कीं, यंत्रांतून निघालेले भाग शेवटीं कारागीर हातांनीं कानसून एकमेकांशीं जुळवीत, आणि ही जुळणी मोडूं नये म्हणून निरनिराळ्या भागांवर त्या त्या शस्त्राचा नंबर घालीत. म्हणजे बाहेरून पाहतां दोन शस्त्रें जुळीं भावंडें दिसलीं, तरी एकाचा भाग दुसऱ्यास बिनतक्रार बसेलच असें नव्हतें. ही हातजुळणी विसाव्या शतकांतहि दीर्घकाळ चालूं होती. जुनें रिव्हॉल्व्हर घरीं दुरुस्त करणारास येणाऱ्या बहुतेक अडचणींचें मूळ येथें आहे.

यंत्र चालतें कसें

रिव्हॉल्व्हरच्या मध्यभागीं एक फिरतें चक्र असतें व त्यांत बहुधा सहा काडतुसांचीं सहा घरें असतात. पुढें नळी, मागें काडतुसावर आघात करणारा घोडा आणि खालीं बोटानें ओढावयाचा चाप. चाप ओढूं लागतांच प्रथम चक्राला अडवून धरणारी खिटी खालीं जाते. मग एक लहानशी पोलादी पट्टी चक्राच्या पाठीवरील दांत्यांना वर ढकलते व चक्र एक घर पुढें सरकतें. नवें घर नळीच्या समोर आलें कीं खिटी चक्राच्या अंगावरील खांचेंत पुन्हां बसते व चक्र पक्कें धरते. हें सर्व झाल्यावरच घोडा सुटावयाचा. डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं ही चार कामें ठरलेल्या क्रमानें झालीं पाहिजेत. खिटी बसण्यापूर्वीं घोडा पडला, तर काडतुसाचें घर व नळी एका रेषेंत नसतात. गोळी नळीच्या कडेवर घासते, शिशाच्या चकत्या बाजूनें उडतात, आणि शेजारीं उभ्या असलेल्या माणसाचा गाल किंवा डोळा त्यांच्या वाटेंत सांपडूं शकतो.

चक्र आणि नळी यांच्यामधील फट तर केवळ एका इंचाच्या हजार भागांपैकीं चार ते आठ भाग इतकी असते. लिहिण्याच्या साध्या कागदाची जाडी यांतील खालच्या आंकड्याच्या आसपास भरते. फट ह्याहून फार कमी झाली तर दारूच्या काजळीनें चक्र अडकतें. फार वाढली तर तापलेली हवा बाजूनें फुंकली जाते. घरच्या कानशीचा एक जोराचा हात कागदाच्या जाडीइतकें पोलाद सहज खातो, आणि खाल्लेलें पोलाद परत येत नाहीं. हें ध्यानांत ठेवून पुढील दोष पाहावे.

दोष दिसतो एके ठिकाणीं, असतो दुसऱ्या ठिकाणीं

जुन्या रिव्हॉल्व्हरविषयींची सर्वांत सामान्य तक्रार म्हणजे चक्र जड फिरतें. घरचा कारागीर लगेच चक्राची पुढची बाजू घासावयास घेतो. वास्तविक पुष्कळ वेळां अर्धवट जळलेल्या दारूचे दोनचार कण रिकामीं काडतुसें बाहेर ढकलणाऱ्या तारकेखालीं जाऊन बसलेले असतात. त्यामुळें तारका केसभर उचलली जाते व चक्राची पाठ सांगाड्याला घासते. कित्येकदां वर्षानुवर्षें घातलेलें तेल आंत सुकून डिंकासारखें झालेलें असतें. अशा ठिकाणीं एका जुन्या दांतघासणीनें होणारें काम कानशीनें केलें, तर मूळ दोष तसाच राहतो आणि फट मात्र कायमची वाढते.

दुसरी तक्रार अशी कीं, चक्र बाजूला उघडतच नाहीं. स्मिथ अँड वेसन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरांत चक्राच्या मध्यांतून एक सळई जाते. ती आट्यांवर बसविलेली असते. जुन्या शस्त्रांत ह्या आट्या नेहमींच्या, म्हणजे उजव्या वळणाच्या होत्या, आणि चक्र डावीकडे फिरतें. त्यामुळें फिरतां फिरतां सळई सैल होऊन पुढें येई व टोंकाशीं अडकून बसे. सुमारें १९६० पासून कंपनीनें ह्या आट्या डाव्या वळणाच्या केल्या. आतां गंमत अशी कीं, बाहेरून दोन्ही शस्त्रें सारखींच दिसतात. जुन्या शस्त्राची संवय असलेला मनुष्य नव्याची सळई आवळण्याकरितां नेहमींच्या दिशेनें पिळतो, ती अधिकच सैल होते, म्हणून तो पक्कड लावून अधिक जोर करतो, आणि शेवटीं सळईवर पकडीचे दांत उमटतात किंवा ती वांकते. वांकलेली सळई चक्राला प्रत्येक फेऱ्यांत एकदां अडवते. मग मालक म्हणतो, चक्रांत दोष आहे!

तिसरा दोष स्वतः निर्माण केलेला असतो. चाप फार जड वाटतो म्हणून घोड्यामागील कमानीवरचा ताण कमी करण्याची पुष्कळांना हौस असते. मुठीच्या पुढच्या बाजूस ह्या कमानीला दाब देणारा एक स्क्रू असतो. तो दोन फेरे सैल केला कीं चाप खरोखरच लोण्यासारखा ओढला जातो. परंतु घोड्याचा आघातहि तितकाच हलका होतो व कांहीं काडतुसें उडतच नाहींत. मालक काडतुसांच्या कारखान्याला दूषणें देतो. येथें एक धोका लक्षांत घेतला पाहिजे. आघात होऊनहि न उडालेलें काडतूस कधीं कधीं क्षणभर थांबून मग उडतें. मालकानें अधीर होऊन पुन्हां चाप ओढला, तर तेवढ्यांत तें काडतूस नळीसमोरून बाजूला सरकलेलें असतें, आणि तें तेथें उडालें तर गोळीला बाहेर पडण्यास वाटच नसते. म्हणूनच जाणते लोक अशा वेळीं नळी निर्धोक दिशेला रोखून निदान अर्धा मिनिट स्तब्ध राहतात.

चौथा दोष सर्वांत फसवा. चाप हळूहळू ओढला असतां चक्र पुरतें जागेवर येत नाहीं. झटक्यानें ओढलें तर येतें. दोष चक्र ढकलणाऱ्या पट्टीच्या झिजलेल्या टोंकांत असतो. सुटी नवी पट्टी मिळते, ती घरीं बसवतांहि येते. परंतु ती मुद्दाम कांहींशी मोठी केलेली असते, म्हणजे बसविणारानें ती त्या त्या चक्राच्या दांत्यांना जुळवून घ्यावी. सहा दांते सारखे झिजलेले नसतात. एका दांत्यापुरती पट्टी घासून जुळविली, तर ती तिसऱ्याला अपुरी पडते. कोल्ट कंपनीच्या सन १९५५ मध्यें निघालेल्या ‘पायथन’ नांवाच्या प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरांत तर चाप पुरता ओढलेला असतांना हीच पट्टी चक्राला घट्ट दाबून धरी. त्यामुळें त्याची पकड नांवाजली गेली, पण पट्टीवर भारहि अधिक पडूं लागला, आणि तिची जुळणी करणें हें निष्णात कारागिरांचें काम होऊन बसलें.

शिल्लक राहिलेला तुकडा

यंत्र पुन्हां जोडल्यावर एखादा तुकडा वर्तमानपत्रावर शिल्लक राहणें हा आपल्याकडे विनोदाचा विषय आहे. घड्याळ त्या तुकड्यावांचूनहि चालतें, आणि काका म्हणतात, कारखानदारानें तो उगीच घातला होता. रिव्हॉल्व्हरच्या बाबतींत हा विनोद कसा अंगाशीं येतो, हें एका खऱ्या घटनेवरून कळेल.

सन १९४४ मध्यें, दुसरें महायुद्ध चालूं असतां, अमेरिकेच्या नौदलांतील एका जहाजावर स्मिथ अँड वेसनचें एक रिव्हॉल्व्हर डेकवर पडलें. घोड्यावर आघात होऊन तें उडालें व एक खलाशी ठार झाला. घोड्याला अडविण्याची एक योजना त्या शस्त्रांत होती; परंतु ती कमानीच्या जोरावर अवलंबून होती, आणि त्या वेळीं ती निकामी ठरली. कंपनीच्या यंत्रशास्त्रज्ञांनीं ताबडतोब नवी रचना केली. घोडा आणि सांगाडा यांच्यामध्यें येणारा एक पातळ पोलादी तुकडा त्यांनीं बसविला. चाप ओढला तरच तो खालीं सरतो. एरव्हीं शस्त्र कितीहि जोरानें आपटलें तरी घोडा काडतुसापर्यंत पोंचत नाहीं.

आतां हा तुकडा बाजूच्या झांकणाच्या आंत सैलसा ठेवलेला असतो. झांकण काढतांच तो खालीं पडतो. जोडतांना तो विसरला तरी शस्त्र पूर्ववत् चालतें. चाप ओढला जातो, चक्र फिरतें, घोडा पडतो. किंबहुना तो तुकडा नसल्यामुळें झांकण अधिक सुलभपणें बसतें, आणि नवशिक्याला वाटतें, आतां काम बरोबर जमलें. त्या तुकड्याची उणीव ज्या दिवशीं शस्त्र हातांतून निसटून फरशीवर पडेल त्याच दिवशीं कळावयाची. दुसऱ्या हाताचें शस्त्र घेणारा जाणता गिऱ्हाईक म्हणूनच हा तुकडा आंत आहे कीं नाहीं याची आधीं खात्री करून घेतो, कारण पूर्वींच्या मालकाच्या वर्तमानपत्रावर काय शिल्लक राहिलें होतें, हें त्याला कोण सांगणार?

झांकणाची गोष्ट निघालीच आहे म्हणून तिचाहि उल्लेख करितों. हें झांकण इतकें बेमालूम बसविलेलें असतें कीं जोडाची रेषा शोधावी लागते. त्या रेषेंत पेंचकस घालून तें उचकटलें, तर कडा वांकते व ती रेषा पुन्हां कधींच मिटत नाहीं. त्याचे स्क्रूहि दिसावयास एकसारखे, पण पुढच्या स्क्रूच्या टोंकावर चक्राचा आंस धरून ठेवण्याची जबाबदारी असते. त्यांची अदलाबदल झाली कीं चक्र उघडतांना अडतें किंवा जागेवर डळमळतें. ह्याकरितांच अनुभवी कारागीर प्रत्येक स्क्रू काढतांच तो ज्या भोंकांतला असेल त्याचें चित्र कागदावर काढून त्यावरच तो टोंचून ठेवतात.

शिक्का कशाचा?

इंग्रजी अमदानींत आपल्या देशांत जीं रिव्हॉल्व्हरें आलीं, त्यांत बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचीं विशेष प्रसिद्ध. ब्रिटिश सैन्यानें तीं सन १८८७ मध्यें स्वीकारलीं व त्यांचा सहावा प्रकार सन १९१५ मध्यें निघाला. इंग्लंडमध्यें विक्रीस जाणारें प्रत्येक शस्त्र सरकारमान्य परीक्षागृहांत नेऊन, नेहमींपेक्षां जास्त दाबाचें काडतूस त्यांत उडवून पाहतात आणि टिकलें तर त्यावर शिक्का मारतात. बर्मिंगहॅमचें असें परीक्षागृह सन १८१३ मध्यें स्थापन झालें.

दुसऱ्या महायुद्धानंतर हीं वेब्ली रिव्हॉल्व्हरें मोठ्या संख्येनें अमेरिकेंत विकलीं गेलीं. तेथें त्यांचीं मूळ ४५५ बोअरचीं काडतुसें दुर्मिळ होतीं, म्हणून चक्राची पाठ कातून त्यांत अमेरिकन सैन्याच्या ४५ नंबरच्या पिस्तुलाचीं काडतुसें बसतील अशी सोय करण्यांत आली. काडतुसें बसलीं, शस्त्रें चालूं लागलीं, मालक संतुष्ट झाले. परंतु ह्या काडतुसाचा दाब वेब्लीच्या मूळ काडतुसाच्या दाबाहून बराच अधिक असतो. शिक्का मूळच्या शस्त्राचा होता. कातलेल्या चक्राला तो लागूं नव्हता. अशीं शस्त्रें आजहि फिरत असतात, आणि अंगावर जुना शिक्का शाबूत असल्यामुळें नव्या मालकाची फसगत होते.

आपल्याकडे काय करावें

आपल्या देशांत ह्या प्रश्नाचें उत्तर कायद्यानेंच दिलें आहे. सन १८७८ च्या कायद्याच्या जागीं आलेल्या सन १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पांचव्या कलमाप्रमाणें बंदूक किंवा रिव्हॉल्व्हर बनविणें, विकणें, त्यांत फेरफार करणें व दुरुस्ती करणें ह्या गोष्टींस स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र जवळ बाळगण्याचा परवाना म्हणजे तें उघडून कानसण्याचा परवाना नव्हे. तेव्हां कानपूरच्या सरकारी कारखान्याचें ३२ बोअरचें नवें रिव्हॉल्व्हर असो किंवा आजोबांच्या वेळचें वेब्ली असो, दोष आढळला तर तें परवानाधारक कारागिराकडेच गेलें पाहिजे.

मालकाचें काम मग उरलें तरी कोणतें? साफसफाईचें. शस्त्र रिकामें आहे याची स्वतः दोनदां खात्री करावी, आणि दुसऱ्यानें रिकामें म्हणून हातीं दिलें तरी पुन्हां पाहावें. काजळी पुसावी, तेलाचा हलकासा हात द्यावा, जास्तीचें तेल टिपून घ्यावें. काडतुसें निराळ्या कुलपांत ठेवावीं. आणि जी खूण दिसेल ती लिहून ठेवावी: चक्र कोणत्या घराशीं अडतें, नेहमीं अडतें कीं तापल्यावर, चाप हळू ओढला असतां काय होतें. वैद्याकडे जातांना रोग्यानें लक्षणें नीट सांगितलीं तर निदान लवकर होतें, तसेंच हेंहि आहे. दुरुस्ती आणि साफसफाई यांमधली सीमा ओळखण्यास एक सोपी खूण पुरे: जें फडक्यानें पुसून जातें तें मालकाचें, जें कानशीनें काढावें लागतें तें कारागिराचें.

कुटुंबांतील वडील माणसांनीं आणखी एक गोष्ट ध्यानीं ठेवावी. परवानाधारक वारला म्हणजे त्याचा परवाना मुलांकडे आपोआप चालत येत नाहीं. ज्याचें बाळगणें कायदेशीर राहिलें नाहीं असें शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें लागतें. वारसास तें स्वतःच्या नांवें हवें असल्यास त्यानें रीतसर अर्ज करावा. सन २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस सामान्यतः दोनच अग्निशस्त्रें ठेवतां येतात, पूर्वीं हीच मर्यादा तीन होती. घरांत सुतक आहे, कागदपत्रें सांपडत नाहींत, वांटण्या व्हावयाच्या आहेत, अशा कारणांनीं तें शस्त्र कपाटांतच राहतें. मग दहा वर्षांनीं एखादा उत्साही नातू सुट्टींत तें काढतो, चक्र अडतें म्हणून पेंचकस शोधतो, आणि आंत काडतूस आहे किंवा काय हें पाहण्याचें कोणाच्याच लक्षांत राहत नाहीं.

नातवाचा उत्साह दडपूं नये. त्याच्यापुढें बंद पडलेलें घड्याळ ठेवावें, शिवणाचें यंत्र ठेवावें, स्क्रूंचीं चित्रें कागदावर काढावयास शिकवावें, आणि दोष दिसतो तेथेंच असतो असें नाहीं, हा धडा त्याला तेथें मिळूं द्यावा. कपाटांतील तें फडक्यांतलें शस्त्र मात्र त्याच्या हातीं लागण्यापूर्वींच, कागदपत्रांसह, योग्य ठिकाणीं पोंचविणें हें घरांतील कर्त्या पुरुषाचें कर्तव्य आहे. आणि तें ह्याच आठवड्यांत केलेलें बरें.